सात नंबरची बेल

बहिऱ्या फादरांची रांग आज एवढी आखूड कशी, असं नर्सबाईंच्या मनात आलं खरं, पण भीतीपुढे तो विचार तिथंच विरला.

एरवी शनिवारी पापांची कबुली द्यायला चर्चमधल्या तरण्या फादरांकडे चिटपाखरू फिरकायचं नाही आणि म्हाताऱ्या फादरांच्या जाळीपुढे ही झुंबड! कारण उघड होतं. म्हातारबांना ऐकू यायचं नाही. कसलंही पाप पुटपुटा, ते मान डोलवायचे, तीन प्रार्थना म्हणायला सांगायचे आणि क्षमा देऊन मोकळे. नर्सबाईंनी वीस वर्षं हेच केलं. पण सोमवारी त्यांचं स्वतःचं ऑपरेशन होतं. फादरांनी ऐकलंच नाही, त्या पापाची क्षमा कसली? हे भूत आठवडाभर मानगुटीवर बसलं होतं. टेबलावरून उठलेच नाही, तर वर कुठलं तोंड दाखवू? आज मोठ्यानं बोलायचंच, असं त्या ठरवून आल्या होत्या.

गुडघे टेकले आणि अवसान गळालं. नेहमीसारख्याच त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "सात नंबरच्या पेशंटची बेल मी बंद केली, फादर..."

"कसली बेल?"

नर्सबाईंनी दचकून जाळीकडे बघितलं.

"घाबरू नका. भाच्यानं कानात यंत्र बसवून दिलंय. आता झुरळ चाललं तरी ऐकू येतं. बोला."

म्हणून होय रांग आखूड! पळावं असं वाटलं, पण सोमवारचं ऑपरेशन आठवलं. मग सगळं आपोआप बाहेर पडत गेलं.

"भर दुपार होती. वॉर्डात मी एकटी. सात नंबरचा म्हातारा दर दोन मिनिटांनी बेल दाबायचा. उशी सरकवा, पंखा कमी करा. वैतागून मी भिंतीतली पिन उपसली. म्हटलं, दहा मिनिटं तरी डोळा लागू दे. उठून बघते तर म्हातारा गेलेला. बटण मुठीत तसंच. एकेक बोट सोडवावं लागलं मला. रिपोर्टात लिहिलं, बेल बिघडली होती. हॉस्पिटलच्या वायरमनची नोकरी गेली."

जाळीपलीकडे फादरांनी कानातलं यंत्र चाचपलं.

"वीस वर्षं हेच सांगत होतात?"

"हो."

"आणि मी मेला मान डोलवत होतो." फादर म्हणाले. "बाई, देव काही बहिरा नव्हता. पण त्या वायरमनला कुणी सांगितलं का?"

त्यांनी क्षमा दिली. या वेळी तीन प्रार्थना मात्र सांगितल्या नाहीत. "त्याच्याकडे जा," एवढंच म्हणाले.

वायरमनचं दुरुस्तीचं दुकान चर्चच्याच रस्त्यावर होतं. ते आलं की नर्सबाई आजवर पलीकडच्या बाजूनं जायच्या. आज पायरी चढल्या.

"काय बिघडलंय, बाई?" इस्त्री उघडून बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माणूस मारला मी, असं समजत होतो," तो म्हणाला. "अजून डोळे मिटले की ती वायर दिसते. कुठला जोड माझा कच्चा राहिला, तेच शोधत बसतो."

"मला क्षमा कर, दादा."

त्यानं इस्त्री पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाला, "जा आता, बाई. तुम्ही जा."

सोमवारी सकाळी वॉर्डातल्या पोरसवदा नर्सनं बेलचं बटण त्यांच्या हातात दिलं. ती चार पावलं गेली असेल नसेल, तोच बेल वाजली.

"काय हवंय, आजी?"

"काही नाही गं. वाजते का, बघितलं."

पोरगी हसली. "वाजते हो. कितीदाही दाबा, मी येईन."

नर्सबाईंनी मान हलवली, पण पुन्हा काही दाबली नाही. स्ट्रेचर आलं, तेव्हा बटण मुठीत तसंच होतं. पोरीला त्यांचं एकेक बोट सोडवावं लागलं.