गोगलगाय आणि धुपाटणं

"धूप एक दिवसही चुकवायचा नाही. आणि दिवसभरात आपल्या हातून जे चुकलं असेल, ते दिवा लावायच्या आत घरात मोठ्यानं सांगून टाकायचं. पोटात ठेवलं की कुजतं."

सासूबाईंचं हे सांगणं मी बावीस वर्षं पाळते आहे. धुपाचं सोपं आहे. चुकीचं अवघड, कारण रोज नवी चूक आणायची कुठून? मग "आज दूध उतू गेलं" किंवा "आज शेजारणीबद्दल मनात वाईट आलं" असं काहीतरी सांगते. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणतात, "माफ केलं. चहा टाक."

दोन वर्षांपूर्वी सूनबाई घरात आली ती कपड्यांची एक पेटी आणि एक कॉम्प्युटर घेऊन. ती हलती चित्रं बनवते. ज्या यंत्रावर पोरीचं पोट, ते दाराशी कुठे ठेवायचं? मी त्याला घरातली सगळ्यात मानाची जागा दिली, देवाच्या कोनाड्याखालचं बुटकं टेबल. ती "कशाला आई, कुठेही चालेल" म्हणत होती, पण मी ऐकते थोडीच!

त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत तिला एका मुलांच्या दवाखान्याला एक मिनिटाची फिल्म पाठवायची होती. सुईला घाबरणारी गोगलगाय शेवटी शिंगं बाहेर काढून टोचून घेते, अशी गोष्ट. पसंत पडली तर अशा आणखी अकरा, म्हणजे वर्षभराचं काम घरबसल्या. नाही पडली तर एक तारखेपासून दुसऱ्या शहरात नोकरी. मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. सूनही गेली की घरात आम्ही दोघं आणि घड्याळ.

गोगलगाय तयार होती, पण चित्रांची शेवटची जुळणी करायला कॉम्प्युटरला सलग चार तास लागणार होते. आणि तो चाळीस मिनिटांत तापून गपकन बंद पडत होता. बंद पडला की पुन्हा श्रीगणेशा.

"तिसऱ्यांदा गेला," सूनबाई म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. दुरुस्तीवाला परवा येणार होता.

"दुरुस्तीवाला कशाला हवा?" हे बाह्या सारत उठले. जन्म बसच्या गॅरेजात गेला यांचा. "इंजिन तापलं की काय करतात? बॉनेट उघडतात!" यांनी यंत्राची एक बाजू उघडून ठेवली, खाली बाटल्यांची चार झाकणं देऊन ते उचललं आणि समोर टेबलपंखा लावला. या वेळी पन्नास मिनिटं चाललं. हे मिशीवर हात फिरवत होते, तेवढ्यात गपकन.

आवाज ऐकून समोरच्या नर्सताई आल्या. निवृत्त झाल्या, पण हात अजून लोकांच्या कपाळावरच असतो. त्यांनी यंत्रावर हात ठेवला. "अगं बाई, हे तर फणफणलंय! भाऊ, पंख्यानं ताप उतरतो का कधी? वहिनी, ओल्या पट्ट्या आणा."

"पाणी नको!" सूनबाई इतक्या जोरात ओरडली की मी पट्टी माझ्याच कपाळावर धरली.

मग तडजोड झाली. पंख्यापुढे बर्फाचं पातेलं ठेवायचं, आणि वारा यंत्राकडे नेईल असा बुटांच्या खोक्याचा बोगदा करायचा. हे मोठ्या कात्रीनं खोकं कापत होते आणि नर्सताई चिकटपट्टी बँडेजसारखी गुंडाळत होत्या.

"ताई, जरा सैल. त्याला श्वास घेऊ द्या."

"तुम्ही तुमचं बॉनेट सांभाळा."

सूनबाई त्याही परिस्थितीत हसली. यंत्र पुन्हा सुरू झालं. हे आणि नर्सताई पंखा आत नेऊन त्याच्या तोंडाला बोगदा बसवू लागले, सूनबाईही त्यांच्या मागे गेली. मी एकटी उरले. मला ना गॅरेज येतं ना औषधपाणी. मला जे येतं ते मी केलं. दुपारी कधी घालत नाही, पण निखारा आणून देवापुढे जास्तीचा धूप घातला. हात जोडले. "देवा, तेवढी गोगलगाय पोचू दे."

डोळे उघडले तर धूर वर जातच नव्हता. कोनाड्यातून निघून तो खाली वळला आणि मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ यंत्राच्या जाळीत शिरला. आत काहीतरी दम्याच्या माणसासारखं घरघरत होतं आणि माझा धूप ओढून घेत होतं. दोन वर्षं. रोज.

कुणी पाहिलं नव्हतं. दिवा लावायला अजून सहा-सात तास होते. तेव्हा सांगितलं असतं तरी व्रत मोडलं नसतं. पण तोवर गोगलगाय मेली असती.

"अहो," मी आतल्या दाराशी जाऊन म्हटलं, "माझी आजची चूक सांगायची आहे."

"आत्ता? संध्याकाळी सांग, हात गुंतलेत माझे."

"धूर यंत्रात जातोय. माझा. आत जाऊन बसला असेल."

कात्री खाली पडली. यंत्र बंद करून यांनी आतला छोटा पंखा स्क्रू काढून बाहेर घेतला. पंख्याची पाती आणि मागची जाळी काळ्या, चिकट गोधडीनं भरली होती.

"हे कोळशाच्या खाणीतलं फुप्फुस आहे," नर्सताई हळूच म्हणाल्या आणि घरी जाऊन स्पिरिटची बाटली घेऊन आल्या. यांचा दाढीचा ब्रश आला. मी देवासाठी वळलेल्या वाती आणल्या. एकेक वात स्पिरिटमध्ये बुडवून आम्ही चौघांनी पाती न् पाती पुसली, वाळवली. यंत्र मागे सूनबाईच्या खोलीत खिडकीशी मांडलं. साडेबाराला सुरू झालं. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता नर्सताईंनी पुन्हा यंत्रावर हात ठेवून पाहिला. पावणेपाचला "झाली, पाठवली!" म्हणत सूनबाईनं दोन्ही हात वर केले.

सात वाजता दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: "गोगलगाय फार आवडली. पुढची कधी देताय?"

दिवा लावताना यांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "बावीस वर्षांत आज कुठे कामाची चूक केलीस!"

"माझीही एक आहे," सूनबाई म्हणाली. "पहिल्याच महिन्यात वाटलं होतं, इथे धूर नको म्हणून. पण आई, तुम्ही इतक्या मानानं जागा दिलीत, बोलवेना मला."

"पोटात ठेवलं की कुजतं गं," मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं. "आता तुझ्या यंत्राला धुराचा वाससुद्धा लागणार नाही. शब्द देते."

"आणि तुमचा धूप?"

"तोही चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे घर झोपलेलं असताना मी धुपाटण्यात निखारा घेतला आणि वर गाळणी झाकली. सूनबाईच्या खोलीचं दार नीट ओढून घेतलं. मग मागच्या जिन्याची कडी आवाज न करता काढली आणि पदर सावरत एकेक पायरी अंगणातल्या तुळशीकडे उतरू लागले.