राळ भरलेली कपाटं

"फट ठेवून कोन होडी पान्यात सोडतं का गो?" परशुरामबाबा ओरडले आणि वाचनालयाच्या कपाटाच्या दाराफटीत त्यांनी पटाशीनं कापसाची वात आत कोंबली. वरून गरम राळेचा लेप.

"बाबा, कपाट हाय ता, होडी नाय," दारातनं केशरबाई म्हणाली. मासळीची पाटी अजून डोक्यावरच होती.

"लाकूड ता लाकूड! तू तुझी पापलेटा इक. मना शिकवू नको."

"पापलेट कुठला आलाय आता? खाडीत जाला टाकला तं फेस येतो निस्ता."

डोंबिवलीच्या पाठीला, खाडीकाठी आमचं गाव. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला काळं पाणी, मधे गावदेवीचं देऊळ आणि देवळाला टेकून वाचनालयाची खोली. मागल्या भरतीला खोलीत गुडघाभर पाणी शिरलं आणि पुस्तकं पावासारखी फुगली. मग सरकारी तपासणीच्या मॅडम येऊन बजावून गेल्या, पुढल्या खेपेला पुस्तकं कोरडी आणि वाचक हजर दिसले नाहीत तर वाचनालयाची मान्यता जाईल. मान्यता गेली की खोलीही जाणार. फ्लॅट विकायचं ऑफिस थाटायला टॉवरचा शेठ टपूनच बसला होता.

गाव पेटून उठलं. वाचनालय वाचवायच्या अर्जावर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अंगठे दिले, पोरांनी सह्या केल्या. शेवंती, बाबांची सून, आमची ग्रंथपालबाई. ती ते कागद घेऊन रोज ठाण्याला, नौपाड्यातल्या जुन्या वाचनप्रेमींचा पाठिंबा मिळावा म्हणून त्यांच्या पायऱ्या झिजवत होती. किल्ली सासऱ्याकडे. बाबांनी उभा जन्म होड्या बांधल्या, पण आता फायबरच्या होड्या येतात, बाबांचे हात रिकामे. पुस्तकांना पाणी लागू नये म्हणाल्या ना मॅडम? मग लागणार नाही! चारही कपाटं त्यांनी होडीसारखी कापूस-राळेनं भरून काढली. वर निळा, तांबडा, पिवळा रंग. बायांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आम्हा भजन्यांनी टाळ धरले. विद्या वाचवायची म्हणजे देवाचंच काम, गळा आपसूक मोकळा झाला.

तपासणीच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो पेपर उघडून बसलेला. मॅडम हसल्या.

"वा! अहो, इतकी गर्दी मी कुठंच पाहिली नाही. आणि कपाटं तर काय सुरेख! एखादं पुस्तक काढा बघू, शेवंतीताई."

शेवंतीनं किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार नाही. तिनं ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. दुसरं कपाट. तिसरं. आमच्यातला एकजण कमरेला शेला बांधून पुढं झाला, तर मूठच त्याच्या हातात आली.

"बाबा," शेवंती हळूच म्हणाली, "दारा पन भरली तुमी?"

"मंग? पानी काय दार बगून येतं?" बाबांची छाती फुगली. "बाय, थेंब जानार नाय आत! गेल्या सोमवारी भरली. अशी राळ बसलेय, बोलता सोय नाय!"

मॅडम हसायच्या थांबल्या. "गेल्या सोमवारी? म्हणजे तेव्हापासून गावात एकानंही पुस्तक मागितलं नाही?"

पेपर एकेक करून तोंडासमोर वर गेले. देवळात कुणी घंटा वाजवली, तीही नको वाटली.

कीर्तनाला आम्ही मंडप घातला, बुवांना हार आणला, समया लावल्या. आणि ऐकायलाच कुणी बसलं नाही, अशातली गत.

बाबा पटाशी, हातोडा घेऊन धावत आले. तोवर उमगलं होतं त्यांना.

"राहू द्या, बाबा. इतकं छान काम फोडू नका," मॅडम म्हणाल्या. मग शेवंतीकडं वळल्या. "मी काय लिहू, ताई? तुम्हीच सांगा."

शेवंतीनं पदर दातात धरला, सोडला. "जे दिसलं तेच लिहा, मॅडम."

मान्यता गेली. शेठच्या माणसांनी चारही कपाटं उचलून खाडीकाठी पिंपळाखाली ठेवली. खोलीला काचेचं दार बसलं, आत थंड हवेचं यंत्र घुरघुरू लागलं.

अवसेच्या उधाणाला पाणी चढलं, कपाटांच्या कमरेला लागलं आणि उतरलं. बाबांनी वाकून फटींवरनं बोट फिरवलं.

"एक थेंब गेला नाय, शेवंते. उगडू? पटाशी हाय माज्याकडं."

शेवंतीनं गावाकडं पाहिलं. आम्ही सगळे तिथंच होतो. केशरबाई पाटी घेऊन चालली होती, पोरं मोबाइलवर, देवळात आमचं भजन नुकतंच उभं राहिलेलं.

"ऱ्हाऊंद्या, बाबा," ती म्हणाली. "कोनी मागाया आला तं उगडू."

तेव्हापासून बाबा पटाशी कमरेला खोवून पिंपळाखाली बसलेले असतात. कुणी जवळनं गेलं की अर्धवट उठतात आणि माणूस पुढं गेला की परत बसतात.