वाटीतले दात

दात पडल्याची स्वप्नं घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ज्योतिष्याकडे पाठवते. स्वप्नांवर माझा विश्वास नाही. तरीही मंद्रूपची चिमाबाई माझ्या दवाखान्यात बसून बोलायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं नाही. एप्रिलची दुपार होती. पंखा गरम हवाच फिरवत होता आणि खिडकीबाहेर सगळं सोलापूर उन्हात विरघळल्यासारखं दिसत होतं.

"रोज सपनात येत्यात," ती म्हणाली. "उंबऱ्यावर बसत्यात. तोंडावर हात. मी म्हनते, बोला की. तर नुसतं माज्याकडं बगत्यात."

येत होता तो तिचा नवरा ज्ञानबा, मेंढरं राखणारा. चार वर्षांपूर्वी तो कळप घेऊन सीना नदीकडे गेला. संध्याकाळी मेंढरं आपली आपण घरी आली, तो आला नाही. यंदा नदी आटली आणि डोहाच्या गाळात एक कवटी आणि काही हाडं सापडली. डीएनएचा अहवाल यायला महिने लागणार होते. म्हणून हवालदार सिद्धाराम चिमाबाईला घेऊन माझ्याकडे आला होता, कारण ज्ञानबाचे दात मी केले होते.

केले होते म्हणजे काय, छळ होता नुसता! एडक्यानं धडक मारून त्याचे वरचे समोरचे चार दात पाडले होते. मी छान चार दातांची कवळी करून दिली, तर गडी म्हणतो, "मदी फट पायजे की. शिट्टी कुटून निगंल?" मी वैतागले, पण फट ठेवली. त्यानं खुर्चीत बसूनच शिट्टी मारली. बाहेरचे पेशंट दचकले आणि हा आपला नाराज! असली फुसकी शिट्टी मेंढरं ओळखायची नाहीत म्हणे. मी पुन्हा घासून दिली, त्यानं पुन्हा वाजवली, पुन्हा नाक मुरडलं. शेवटी आमचा तह झाला. लग्नकार्याला आणि बाजारात दात लावायचे, रानात जाताना काढून ठेवायचे.

त्या दिवशीही त्यानं ते काढूनच ठेवले होते. चिमाबाईनं पिशवीतून झाकणाची स्टीलची वाटी काढली. आत पाण्यात कवळी होती.

"वाळू दिऊ नगा म्हनला हुता तुमी," ती म्हणाली. "रोज पानी बदलती."

कवळी इतकी स्वच्छ होती की ज्ञानबा आता हात धुऊन येईल आणि ती तोंडात टाकेल असं वाटलं.

"भावकी म्हनती, इजापूरला बाई ठिवलीया, तितंच ऱ्हात्यात. माज्या दिरानं तर डोळ्यानं बगितलं म्हनं. मी म्हनलं, बाईकडं जानारा मानूस दात घरी ठिवून जाईल व्हय?"

सिद्धाराम हसला. मलाही हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण ती हसत नव्हती.

"डॉक्टरीनबाई, दात बसलं तर मालक गेलं. न्हाय बसलं तर भावकी खरी. मग मी देवाला काय मागू?"

मी ज्ञानबाचा जुना एक्स-रे शोधून काढला. मग गाडीची किल्ली उचलली.

सरकारी रुग्णालयातल्या एका खोलीत पांढऱ्या कापडावर कवटी ठेवली होती. काचेतून आलेला उजेड दुधासारखा पसरला होता आणि बाहेरच्या रिक्षांचे आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. चिमाबाईला आत सोडायला कुणी तयार नव्हतं. मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की लोक वाट देतात, तो एक फायदा आहे.

आधी मी दाढा पाहिल्या. वरच्या उजव्या दाढेत चांदी भरलेली होती. जुना एक्स-रे शेजारी धरला. भरण माझंच होतं, त्याची एक कड मला नीट जमली नव्हती, तीही तशीच. मग मी कवळी हातात घेतली.

खरं सांगते, त्या क्षणी मला ज्ञानबा विजापुरात हवा होता. लठ्ठ झालेला, दुसऱ्या बाईच्या हातची भाकरी दुधात कुस्करून खाणारा. मेलेला नको होता. मग चिमाबाईकडे लक्ष गेलं आणि तेही मागवेना.

हिरड्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे टाळूपाशी पोकळी राहिली. पण कवळीच्या दोन्हीकडच्या तारा आपापल्या दातांवर सरकल्या आणि जिथे मी त्या वळवल्या होत्या तिथेच अडकल्या. कवळी बसवली की जिभेनं ती पुढे ढकलायची ज्ञानबाची खोड होती. मी वेड्यासारखी बोटं तशीच धरून वाट बघत राहिले. काहीच हललं नाही.

"बसले," मी म्हणाले.

चिमाबाई जवळ आली. समोरच्या चार दातांनी त्या हाडाला चेहरा आला होता. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, घरात मालक आल्यावर बायका ओढतात तसा, आणि ती फरशीवर बसली.

"आला व्हय?" ती हळूच म्हणाली. "लई बोललं लोक तुमाला. मी समद्यांशी भांडले." आम्ही खोलीत आहोत हे ती विसरली असावी. "पर एक डाव मीबी गेलते इजापूरला. कुनाला न सांगता. तुमाला हुडकाया न्हाय. ती कशी दिसती, त्ये बगाया."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. मलाही आवरेना. सिद्धाराम बाहेर गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.