उतरलेला पंचम

"अवे, तानपुऱ्याला तूच बस. साथीच्या पोरीला ताप भरलाय," भैरवी म्हणाली. "नाही म्हणू नकोस हं."

अवंतिका पहिल्या रांगेतून उठली. कोल्हापुरात राजारामपुरीतलं ते सभागृह गच्च भरलं होतं. पुण्याहून आलेली भैरवी आज स्वतःच्या संगीतरचना ऐकवणार होती. संगीत ऐकताना माणसाच्या आत काय होतं, यावर तिनं लिहिलेलं पुस्तक तर गावभर गाजत होतं.

दोघी एकाच गुरुजींकडे शिकल्या. "गळा अवंतिकेचा," गुरुजी म्हणायचे आणि भैरवीला पुन्हा पलटे घोकायला लावायचे. पुढं अवंतिका पेठ वडगावच्या शाळेत संगीतशिक्षिका झाली. पाहुण्यांसाठी स्वागतगीतं बसवता बसवता तिचाच गळा बसत गेला. भैरवीचं पुस्तक तिनं खोट काढायलाच वाचायला घेतलं होतं. खोट सापडली नाही, आणि तेच तिला डाचत होतं.

भैरवीच्या मागं, उजेड संपतो तिथं ती बसली. भैरवी गाऊ लागली. गाण्याला शब्द नव्हते. एकेक सूर आणि मधे लांब विराम. त्या विरामात नुसता तानपुरा. लोक डोळे मिटून बसले होते.

हिच्या गप्प बसण्यालासुद्धा माना डोलतात! अवंतिकेचा हात पंचमाच्या तारेवरल्या, सूर जुळवायच्या मण्याकडं गेला. तिनं तो किंचित सरकवला. तार उतरली.

भैरवीची पाठ ताठ झाली. तिनं वळून पाहिलं नाही, पण पुढचा सूरही लावला नाही. ती थांबून राहिली. सभागृहात तो बिघडलेला पंचम एकटाच वाजत होता. अवंतिकेला आधी बरं वाटलं. मग तो तिच्याच दातांत खड्यासारखा कचकचायला लागला. सहन होईना. तिनं मणी पुन्हा हळूहळू सरकवला. तार जुळली, तेव्हाच भैरवीनं षड्ज लावला.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. एक म्हातारा उभा राहिला.

"मी जोतीराम, बिद्रीचा. साखर कारखान्यात होतो. मला गाण्यातलं काय कळत न्हाय, बाई. पर मधी ती तार खाली गेली आन् सावकाश जाग्यावर आली न्हवं, तवा काटा आला बघा अंगावर. ते कसं सुचलं तुमास्नी?"

अवंतिकेनं तानपुरा जवळ ओढला.

भैरवीनं मागं हात केला. "ते माझं नव्हतं, काका. ते हिचं. ही अवंतिका, माझी मैत्रीण. वडगावला असते."

टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या टाळ्या तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडत होत्या. तिनं भैरवीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं राग नव्हता, उपकार केल्याचा भावही नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

"ऊठ की," भैरवी पुटपुटली.

अवंतिका उठली नाही. तानपुरा एका हातानं सावरत तिनं दुसरा हात नमस्कारासारखा कपाळाला लावला, आणि टाळ्या थांबेपर्यंत मान वर केली नाही.