ठमाबाईंचा ठ

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मिरवायला एकच गोष्ट होती: त्यांचं अक्षर. काटेवाडीत कुणाकडं कार्य निघालं की पत्रं लिहायला अप्पांनाच बोलावणं यायचं. पळसदेवला दिलेल्या बहिणीला, आमच्या आत्याबाई ठमाबाईंना, तर ते दर महिन्याला लिहायचे. आणि ‘ठमे’मधला ठ असा गोल, की बांगडी ठेवून काढलाय म्हणावं. काय ते दिवस होते!

मग मोबाइल आले. माझ्या अविराजच्या लग्नाची पत्रिका आत्याबाईंना मोबाइलवर गेली आणि त्या फुगून बसल्या. “भावाच्या हातचं पत्र आलं, तरच काटेवाडीची पायरी चढंन,” असा निरोप आला. अप्पाही हट्टी, लिहिलंच नाही. दोघं एकाच माळेचे मणी.

गेल्या थंडीत अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात गेला तो गेलाच. मी आत्याबाईंना फोन लावायला घेतला, तर म्हणाले, “नगं. तिला फोनवरचं चालत न्हाय.”

आता माझ्या छकुलीचं लग्न ठरलं. पत्र मी लिहिते म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले. डाव्या हातात पेन धरून दुपारभर बसले. कपाळावर घाम, कागदावर एवढंच: ‘ठमे, लग्नाला ये.’ ठ एका बाजूनं उघडाच राहिला होता. ते बघून मला रडू आलं. त्यांनी कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली आणि पत्र पोस्टात टाकायला लावलं.

चार-पाच दिवसांनी आत्याबाई दारात हजर, हातात तेच पत्र. दिलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

“बारक्या पोराकडनं लिवून घेतलंस व्हय, अप्पा? मी काय तुजा ठ वळखत न्हाय?”

अप्पांनी मांडीवरचा उजवा हात डाव्या हातानं उचलून पुढं केला. सोडला तसा तो खाली पडला.

आत्याबाई मटकन बसल्या. “एवढं झालं, आन मला कळवलं न्हाईस?”

“कोणच्या हातानं कळवू, ठमे?”

त्या हातावर डोकं टेकून आत्याबाई खूप वेळ रडल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळल्या.

“संजीवनी, पळसदेवला फोन लाव. सांग त्यास्नी, मी आता लगीन उरकूनच येती.”