फटफटीचं लिंपण

त्या फटफटीचा बाप कोण ते मला ठाऊक नाय, पण बाईमाणसाची पिंढरी भाजायलाच ती बनवली होती हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. लढाई संपली, पलटणीच्या लिलावात खालापूर दवाखान्याचे गोपाळकृष्ण डाक्टर ती घेऊन आले. मी तिथली नर्स. लोक मला तोंडावर विमलबाई म्हणायचे. माघारी काय म्हणायचे ते इथं नको.

दौऱ्यावर डाक्टर पुढं, मी मागं. नऊवारीचा काष्टा, त्यामुळं मी दोन्हीकडं पाय टाकून बसायची. गावातले म्हातारे तोंडावर उपरणं धरायचे आणि उपरण्याआडनं बघायचे. बघेनात का! माझा जीव जायचा तो उजव्या पायात. धुराचं नळकांडं नेमकं पिंढरीला लागून. तीन कोसांत झळ, पाच कोसांत फोड. एकदा असा चटका बसला की मी पाय झटकला, आणि आमी दोघं औषधाच्या पेटीसकट करवंदीच्या जाळीत.

"विमलबाई, पुन्हा हललात तर मी दुसरी बाई बघेन," डाक्टर कोपरातले काटे काढत म्हणाले.

"बघा की! लाकडी पायाची कुठं मिळते ते मला पण कळू द्या."

बोलले खरी, पण ती फटफटी सुटून मला चालणार नव्हतं. कारण पारू. माझी भाची, कळंबच्या हिरामणला दिलेली. दोन पोरं झाली, दोन्ही गेली. दोन्ही खेपेला मी बैलगाडीनं पोचले तवा घरात नुस्तं रडणं उरलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मी तिला शब्द दिला होता, "ह्या वेळी मी असणार गं." खालापूर ते कळंब दहा कोस. फटफटीशिवाय तिथं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, आणि फटफटीवर बसायला पाय धड पायजे होता.

मग उपाय सुरू झाले. नळकांड्याला ओलं गोणपाट बांधलं. ते वाळलं, धुमसलं, आणि आमी धूर सोडत चौक गावच्या बाजारातनं गेलो. लोकांनी वाट दिली, एवढाच फायदा. मग रॉकेलच्या डब्याचा पत्रा लावला. तो स्वतःच तव्यासारखा तापला आणि वर कुत्री मागं लागतील असा खडखडला. डाक्टरांचं आपलं एकच पालुपद. "गाडी वेगात असली की वारा लागतो, हळू गेली की जास्त तापते. इंजिनाच्या त्या पाती आहेत ना, त्या वाऱ्यासाठीच..." पुढचं मी ऐकलं नाय. मी फोडावर फुंकर घालत होते.

आमच्या घरात चूल भाजायला लागली तर काय करतात? लिंपतात! एवढी साधी गोष्ट, आणि पुण्याला शिकून आलेल्या माणसाच्या डोक्यात येईना. पौषातल्या एका दुपारी डाक्टर जेवून लवंडले, तेवढ्यात मी तळ्याची चिकण माती आणली, तूस घालून मळली. शेण घातलं नाय, जळून घाण सुटली असती. नळकांडं सगळं लिंपलं. मग बघते तर इंजिनाला ह्या एवढ्या भेगा! एकाखाली एक, एकाखाली एक. म्हटलं, झळ येते ती हितनंच. एक पण भेग सोडली नाय. वरनं ओला हात फिरवला. माती वाळली तर पलटणीच्या खाकी रंगात असा मिळून गेला रंग, की वा गं विमल!

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातनं सायकल हाणत हिरामण आला. सायकल आडवी टाकली. "मावशी, पारूच्या कळा... दिवस भरायचेत अजून..."

डाक्टरांनी पेटी उचलली आणि चष्मा पुसायला पण न थांबता फटफटीला लाथ मारली. आमी सुटलो. आणि काय सांगू, पाय गार! खोपोली गेली, पळसदरी गेली, कर्जत मागं पडलं, पिंढरीला जरा ऊब, बस. मी मनातल्या मनात डाक्टरांच्या कालेजाच्या तोंडात शेण घालत होते.

कशेळ्याच्या अलीकडं चढ लागला, आणि फटफटी एकदम किंचाळली, मागचं चाक फरफटलं, आणि सगळं गप झालं. डाक्टर उतरले, वाकले, बोटानं टोकरून बघितलं. मग हळूच विचारलं, "हे कुणी केलं?"

"चटका बसतो म्हणून..."

"अहो, त्या पाती आहेत! उष्णता बाहेर जायची जागा ती! तुम्ही इंजिन भट्टीत घालून भाजलंत, विमलबाई!"

मी पाणी आणायला ओहोळाकडं धावले तर ओरडले, "पाणी नको! तडकेल!" म्हणजे वाट बघायची. निवेपर्यंत. मी केसातला आकडा काढला आणि भेगांमधली माती कोरायला बसले. वीट झाली होती तिची. बोटं पोळत होती आणि मी रडत होते, मोठ्यानं, लाजबीज सोडून. दोन पोरं उशिरानं गेली, तिसरं माझ्या हातानं जाणार होतं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. समोरनं बैलगाडी, आणि पारूची सासू ठकी स्वतः कासरा धरून उभी. "अगं बया, तू हाय होय! चल लवकर, वाट बघवली नाय म्हणून मीच पारूला गाडीत घालून निघाली!"

पोर गाडीतच झालं. मुलगा, वीतभर. डाक्टरांनी घसा मोकळा केला, पाठ चोळली, तवा कुठं मांजरासारखा आवाज आला. पण अंग थंडगार, ओठ निळे. धुकं अजून उठलं नव्हतं, आसपास घर नाय, जाळ नाय.

"ह्याला ऊब पाहिजे, लगेच," डाक्टर म्हणाले, आणि आमी दोघांनी एकदमच फटफटीकडं बघितलं.

कोरून काढलेल्या, अजून धग असलेल्या खापऱ्या गोळा केल्या. नळकांड्यावरचं लिंपण डाक्टरांनी स्वतः पान्यानं ठोकून काढलं, आख्खंच्या आख्खं. त्यांच्या मफलरात, माझ्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलं, हाताला सोसेल एवढं निववलं, आणि पोराच्या दोन्ही बाजूंना, पायाशी लावलं. पारू त्याला छातीशी धरून माझ्याकडं टक लावून होती. विचारत काय नव्हती. मागं दोनदा विचारून झालं होतं तिचं.

मग ओठ लाल झाले. मग ते पोर असं बोंबललं की बैल बिचकले.

इंजिन निवलं होतं. डाक्टरांनी चार लाथा मारल्या, पाचवीला ते खोकत सुरू झालं. "बसा," ते म्हणाले. दुसरी बाई बघायचं काय बोलले नायत. गाडी कळंबला परत वळली, आणि आमी तिच्या मागनं, बैलांच्या चालीनं. डाक्टर म्हणाले तेच खरं, हळू गेलं की जास्त तापतं. नळकांडं उघडं, माझं लिंपण सगळं पुढं गाडीत.

कळंब येईस्तोवर पिंढरी भाजत होती. मी पाय हलवला नाय.