भोंगा वाजला, पण निघालं कोण?

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. नदीकाठच्या पाणी कार्यालयाच्या गच्चीवर लोखंडी चौकटीत मला बसवलं आहे. रंग उडाला, तोंडाशी गंज धरला, पण आवाज अजून खणखणीत आहे.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवलं. माझ्या पोटात पंखा आहे. हँडल फिरवलं की तो गरगरतो आणि मी ओरडतो. मला गच्चीवर चढवलं त्या दिवशी बघायला ही गर्दी. "आता पुराची काळजी मिटली," असं मोठे साहेब म्हणाले आणि मी मनातल्या मनात फुगलो.

माझा चालक अबोल माणूस. त्याची आत्या खालच्या वस्तीत, नदीला लागूनच राहायची. त्यामुळे मला तेल घालताना त्याचा एक डोळा नेहमी त्या घराकडे असे.

मग एका दुपारी पूर आला. चालकाने हँडल फिरवायला घेतलं आणि मी जीव तोडून ओरडलो. गच्चीवरून सगळी वस्ती दिसत होती. माणसं दारात आली, त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तरी उभीच. चालकाचे हात सोलले, पण तो थांबला नाही. माणसं मात्र हलेनात.

आत्याला होडीवाल्यांनी माळ्यावरून बाहेर काढलं. तिच्या शेजारचा शिंपी काही हाती लागला नाही.

दोष माझ्यावर आला. आवाज पोचला नाही, असं ठरलं. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या वस्तीसाठी तर माझ्यापेक्षा मोठा, विजेवर चालणारा भोंगा बसला. माझ्याकडे कोणी फिरकेना. कबुतरांचं मात्र फावलं.

अशा दिवसांत एक बाई आल्या. समाजाचा अभ्यास करणाऱ्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका लहानशा संस्थेत त्या काम करत. पुरात माणसं का निघाली नाहीत, हे त्या घरोघरी विचारणार, हे ऐकून कार्यालयातले लोक हसले. "घरोघरी जाऊन गप्पा मारायचा पगार मिळतो होय?" एकाने विचारलं. बाईही हसल्या आणि कामाला लागल्या.

आत्या तेव्हा चालकाकडेच, गच्चीखालच्या खोलीत राहत होती. झरोक्यातून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"आत्या, भोंगा ऐकू आला होता का?"

"न यायला काय झालं? कान शाबूत आहेत माझे. फळीवरची भांडी थरथरत होती."

"मग निघाला का नाहीत?"

आत्या म्हणाली, "शिंपी दारात उभा होता. म्हटलं, शहाणा माणूस आहे, तो निघाला की निघू." मग हळूच म्हणाली, "त्याच्या बायकोने मागाहून सांगितलं. तो म्हणत होता, आत्याने असे किती पूर पाहिलेत, ती निघाली की निघू."

मित्रांनो, मी इतकी वर्षं ओरडलो, पण हे मला कधी कळलं नव्हतं.

बाई वस्तीतल्या प्रत्येक दाराशी गेल्या. कोणी म्हणालं, मागच्या वेळी टेकडीवरची शाळा गाठली तर तिला कुलूप. कोणी म्हणालं, घर उघडं टाकून पहिलं जायचं म्हणजे हसं होतं. शेवटी बाईंनी सुचवलं, की प्रत्येक गल्लीने एक घर ठरवावं. भोंगा वाजला की त्या घराने आधी निघायचं आणि जाताना दारं ठोठावायची. शाळेची किल्लीही त्याच घरी ठेवायची. आमच्या काठाने ते मानलं. पलीकडचे म्हणाले, आमचा भोंगा मोठा आहे, आम्हाला नको ही भानगड.

आत्या परत वस्तीत राहायला गेली आणि तिच्या गल्लीने तिचंच घर नेमलं.

पुन्हा पूर आला. दोन्ही भोंगे एकदमच वाजले. आत्या काठी टेकत बाहेर पडली, एकेक दार वाजवत निघाली. पण मागे कोणीच येईना. चालकाचा हात हँडलवर थिजला. "फिरव बाबा, फिरव," तो स्वतःलाच म्हणाला. मग एक दार उघडलं. मागोमाग दुसरं. बघता बघता सगळी गल्ली टेकडीच्या वाटेला लागली. पलीकडच्या काठावर मात्र माणसं छपरांवर चढून होड्यांची वाट बघत होती.

एवढं होऊनही काही महिन्यांनी संस्थेचं अनुदान बंद करायचा प्रस्ताव आला. बैठक आमच्याच कार्यालयात होती. त्याआधी संस्थेचे संचालक बाईंना गच्चीच्या जिन्यात घेऊन आले.

"सरळ सांगा, आमच्या अभ्यासाने शेकडो जीव वाचले. संस्थेला कुलूप लागल्यावर तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

"सर, उद्या कोणी पुरावा मागितला, तर त्या आकड्याबरोबर खरं आहे तेही बुडेल."

थोड्या वेळाने खाली बैठकीचे अध्यक्ष विचारत होते, "भिंत बांधली की दिसते. पूल दिसतो. तुमचं काय दिसतं?"

बाई म्हणाल्या, "पाणी तेच होतं, वेळ तीच होती. पलीकडचा भोंगा तर जास्त मोठा. तरी इकडची माणसं वेळेत निघाली, तिकडची अडकली. पण तिकडे नदीला वळण आहे, पाणी थोडं लवकर चढतं. त्यामुळे सगळं श्रेय आमचं, असं मी म्हणणार नाही."

"म्हणजे तुमचीच खात्री नाही," अध्यक्ष म्हणाले. संचालकांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता संपलं.

तेवढ्यात पलीकडचा भोंगा बसवणारे अभियंते बोलले. "खात्री करून घ्यायला काय लागेल?"

"पलीकडच्या काठावर हेच करून बघायला हवं. आणि त्यासाठी संस्था उघडी राहायला हवी."

अभियंते अध्यक्षांकडे वळले. "आवाज किती लांब पोचतो, ते मी मोजलं होतं. माणसं का निघत नाहीत, ते मोजायचं मला सुचलंच नाही. ह्यांना वेळ द्या."

बरीच वादावादी झाली. शेवटी एका वर्षाचं अनुदान मिळालं, तेही निम्मंच. संस्थेतल्या दोघांना घरी बसावं लागलं. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडून पलीकडे गेल्या. तिथलं पहिलं दार त्यांच्या तोंडावर बंद झालं, दुसरं उघडलं, असं चालक सांगत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, नाहीतर ऐन वेळी आवाज फुटायचा नाही. पण नुसत्या आवाजाने कोणाचं पाऊल उचलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसं का थांबतात, हे विचारत फिरणारी माणसंही जपा. त्यांचं काम फळाला आलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. कोणी बुडालेलं नसतं, एवढंच.